डोंगरवाटेवरची पर्यावरणस्नेही केबिन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पायी भटकणाऱ्यांसाठी रानात किंवा डोंगरात रात्रीचा निवारा उभारायचा आणि तो उभारताना निसर्गाकडून शिकायचं, असं मनात असलेल्या मंडळींचे प्रश्न बहुतेक वेळा तेच असतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. जिथे कामं हमखास अडतात किंवा बिघडतात तिथे उत्तर लांबलं आहे, बाकी ठिकाणी थोडक्यात भागवलं आहे.

निसर्गापासून प्रेरणा घ्यायची म्हणजे केबिनला पानाचा, शिंपल्याचा किंवा घरट्याचा आकार द्यायचा का?

नाही. आकाराच्या मागे लागलात तर वळणदार भिंती, तिरकी कापलेली लाकडं आणि कापणीत वाया गेलेल्या तुकड्यांचा ढीग एवढंच पदरात पडतं. कमी द्रव्यात जास्त दाब सोसायचा असतो म्हणून शिंपल्याला त्याचा आकार आलेला असतो. आपण उचलायची ती ही रीत. समोर अडचण कोणती आहे आणि ती थोडक्या साहित्यात, फुकटच्या ऊर्जेवर कशी सुटली आहे, हे बघायचं.

पाइनचा शंकू घ्या. हवा कोरडी झाली की त्याचे खवले उघडतात, दमट झाली की मिटतात. झाडावरून गळून पडलेला शंकूही हे करत राहतो, कारण प्रत्येक खवल्यात दोन थर असतात आणि ओलाव्याने एक जास्त फुगतो, दुसरा कमी. ना मोटर, ना वीज. हीच युक्ती वापरून आपोआप उघडमीट करणाऱ्या लाकडी झडपांचे प्रयोग वास्तुरचनेत झालेही आहेत. तुमच्या केबिनला तसली झडप लावाच असं मी म्हणत नाही, पण विचार या दिशेने करायला हवा. अंटार्क्टिकातले एम्परर पेंग्विन कडाक्याच्या थंडीत एकमेकांना खेटून उभे राहतात, त्यामुळे प्रत्येकाचा वाऱ्याला उघडा पडणारा भाग कमी होतो. थंड प्रदेशातल्या केबिनसाठी यातून मिळणारा धडा अगदी व्यवहारी आहे: कोपरे, खोबणी, बाहेर काढलेल्या खोल्या टाळा. आतल्या जागेच्या मानाने बाहेरची भिंत जितकी कमी, तितकी ऊब टिकते.

कधी कधी आकार कामातूनच येतो. आल्प्समधल्या मों ब्लाँ शिखराच्या वाटेवर ३,८३५ मीटर उंचीवर २०१३ साली सुरू झालेला गूते निवारा अंडाकृती आहे. वारा त्याला वळसा घालून जातो आणि वाऱ्याबरोबर आलेलं बर्फ मागच्या बाजूला साचतं. बर्फ वितळवून पाणी करण्याची सोय नेमकी तिथेच ठेवली आहे. हा आकार शोभेसाठी काढलेला नाही, आणि म्हणूनच तो पटतो.

वारुळासारखी आपोआप थंड राहणारी केबिन बांधता येते का?

हा दाखला सगळीकडे दिला जातो. झिंबाब्वेची राजधानी हरारेमधली ईस्टगेट ही १९९६ साली पूर्ण झालेली इमारत वारुळावरून सुचली. वास्तुविशारद मिक पियर्स यांनी रात्रीच्या गार हवेने जड काँक्रीट थंड करायचं आणि दिवसा त्या गारव्यावर इमारत चालवायची, अशी योजना केली आणि ती चालली. पुढे वारुळांचा अभ्यास वाढल्यावर कळलं की वारूळ म्हणजे काही वातानुकूलन यंत्र नाही. त्याचं मुख्य काम श्वासोच्छ्वासाचं: दिवस-रात्रीच्या तापमानातला फरक आणि वाऱ्याचे झोत यांच्या जोरावर आतली कोंदट हवा बाहेर टाकायची.

केबिनला हे दुसरं काम जास्त उपयोगी पडतं. जमिनीलगत वाऱ्याच्या बाजूला एक झरोका आणि आढ्याजवळ विरुद्ध बाजूला दुसरा ठेवला की गरम हवा वरून निघून जाते आणि खालून ताजी हवा येते. दोन झरोक्यांच्या उंचीत जितकं अंतर, तितका ओढा जास्त. रात्रीचा गारवा दिवसासाठी साठवायचा असेल तर मात्र दगड, माती किंवा काँक्रीट असं जड काहीतरी आत हवं, आणि रात्री खरोखर थंड व्हायला हवी. दिवस-रात्र सारखंच उकडणाऱ्या प्रदेशात या युक्तीचा उपयोग होत नाही. तिथे सावली आणि आरपार वारा यांवरच भर द्यावा.

जागा कशी निवडायची?

आधी एक गोष्ट सांगतो: सगळ्यात सुंदर जागेवर बांधू नका. कड्याच्या टोकावरची, तळ्याच्या काठची, फुलांच्या पठारावरची जागा डोळ्यांत भरते, पण तीच सगळ्यात नाजूकही असते. तिच्याकडे बघता येईल अशी, आधीच थोडी तुडवली गेलेली किंवा कणखर जमीन शोधा. जुन्या गोठ्याची, खाणीची, बंद पडलेल्या चौकीची जागा मिळाली तर सोन्याहून पिवळं.

मग त्या जागेवर वेगवेगळ्या हवेत जा. नकाशावर सपाट दिसणारा तुकडा धो-धो पावसात बघितला की पाणी कुठून शिरतं, कुठे थांबतं, कुठून पळतं हे सगळं उघड होतं. पाणी निघून गेल्यावरही खुणा राहतात: एकाच दिशेला झोपलेलं गवत, मुळांत अडकलेला पाचोळा, दगडांच्या एका बाजूला साठलेली बारीक रेती. झाडंही बरंच सांगतात. एका बाजूच्या फांद्याच नसलेलं, एकीकडे झुकलेलं झाड वाऱ्याची नेहमीची दिशा दाखवतं. उतारावरच्या झाडांचे बुंधे जमिनीलगत वाकून मग सरळ वर गेलेले दिसले तर माती हळूहळू खाली सरकत असण्याची शक्यता आहे, तिथे जाणकाराला दाखवल्याशिवाय एक खांबही रोवू नका. बर्फाळ भागात, दोन्हीकडे दाट जंगल आणि मध्येच उभा मोकळा पट्टा दिसला तर ती हिमस्खलनाची वाट असू शकते.

दरीच्या तळाशी रात्री थंड हवा उतरून साचते, म्हणून तळापेक्षा उतारावरचा मधला टप्पा बहुधा उबदार असतो. माथ्यावर वारा झोडपतो, आणि वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट. माथ्यापासून थोडं खाली उतरलं तरी पुष्कळ फरक पडतो.

ओढा, झरा, तळं यांपासून निदान ६० मीटर दूर राहा. पाण्याजवळची ती पट्टी प्राण्यांच्या येण्याजाण्याची असते.

मोठ्या झाडाला टेकून किंवा झाडावर केबिन बांधली तर?

बांधू नये असं माझं स्पष्ट मत आहे. झाड वाढतं, हलतं, फांद्या टाकतं. शिवाय नुकसान बुंध्यापेक्षा मुळांना जास्त होतं आणि ते दिसायला काही वर्षं जातात. वृक्षतज्ज्ञांचा एक ठोकताळा आहे: छातीच्या उंचीवर बुंध्याचा जो व्यास भरेल त्याच्या बारापट त्रिज्येचं वर्तुळ मुळांसाठी मोकळं सोडायचं. बुंधा ५० सेंटिमीटर असेल तर चहूबाजूंना ६ मीटर. त्या वर्तुळात खणायचं नाही, भर घालायची नाही, साहित्याच्या थप्प्याही लावायच्या नाहीत.

पाया कसा असावा? काँक्रीट टाळता येतं का?

छोट्या केबिनसाठी बहुतेक ठिकाणी टाळता येतं. सिमेंटच्या उत्पादनातून जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनापैकी सुमारे ८ टक्के भाग येतो, हे एक कारण. दुसरं जास्त जवळचं आहे: काँक्रीटची लादी ओतली की तिच्याखालची माती मेली, आणि पाण्याची वाट अडली.

मातीची जमीन असेल तर पोलादी स्क्रू-पाइल चांगले. म्हणजे टोकाला मळसूत्रासारखं पातं असलेला खांब, जो फिरवत जमिनीत उतरवायचा. ही कल्पना जुनी आहे, १८३०च्या दशकात अलेक्झांडर मिचेल यांनी ती दीपस्तंभांसाठी वापरली. खोदाई नाही, वाळायची वाट बघणं नाही, आणि उद्या केबिन हलवली तर खांब उलटे फिरवून काढता येतात. कातळ असेल तर थेट कातळात भोकं पाडून पोलादी गज बसवायचे. मुरूम आणि दगडगोट्यांच्या जमिनीत स्क्रू-पाइल दगडावर अडकतात, तिथे सपाट दगडांवर टेकवलेले ठोकळे परवडतात, पण मग वाऱ्याने केबिन उचलली जाऊ नये म्हणून ती खाली जखडावी लागते. हलक्या केबिनच्या बाबतीत खाली दबण्यापेक्षा वर उचललं जाण्याची भीती मोठी असते, आणि नेमका हाच हिशेब अनेकदा राहून जातो.

जोतं जमिनीपासून ४० ते ६० सेंटिमीटर उचललेलं असू द्या. खालून पाणी वाहतं, हवा खेळते, लहान जनावरं जातात, आणि लाकडाला वाळवी लागली तर वाकून बघता येते.

केबिन किती मोठी असावी?

तुमच्या मनात आहे त्यापेक्षा लहान. न बांधलेल्या चौरस मीटरइतकं पर्यावरणस्नेही दुसरं काही नाही.

झोपायला माणशी ७० ते ७५ सेंटिमीटर रुंद आणि २ मीटर लांब जागा पुरते. ३ मीटर रुंदीचे दोन मजली फळ्यांचे ओटे केले तर ६ चौरस मीटर जमिनीवर आठ जण झोपतात. जेवायचं टेबल, स्वयंपाकाचा कट्टा आणि पिशव्या ठेवायची जागा धरून २० ते २४ चौरस मीटरमध्ये आठ माणसांची केबिन नीट बसते.

जागा वाचवायची तर आत वाचवा, पडवीत नको. भिजून, चिखलाने माखून आलेल्या माणसाचा विचार करा. त्याला आधी छप्पर हवं, मग पाठीवरची पिशवी टेकवायला कंबरेइतक्या उंचीचा कट्टा, मग बसून बूट काढायला बाक, बूट उलटे टांगायला खुंट्या, ओला रेनकोट निथळायला दांडी आणि त्याखाली पाणी खाली जाऊ देणारी फटींची लाकडी जमीन. हे सगळं दाराबाहेर झालं की आत पाय ठेवणारा माणूस कोरडा असतो. पडवी दीड मीटरपेक्षा अरुंद करू नका, पाठीवर पिशवी असलेली दोन माणसं एकमेकांना ओलांडू शकत नाहीत.

कोणतं साहित्य सगळ्यात चांगलं?

सगळीकडे चालेल असं एकच साहित्य नाही. तीन प्रश्न विचारा. किती लांबून आणावं लागेल? तिथल्या हवेत किती टिकेल? आणि काम संपल्यावर त्याचं काय होईल?

लाकूड बहुतेक वेळा पुढे असतं. कोरड्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मा कार्बन असतो, आणि लाकूड शाबूत आहे तोवर तो हवेत जात नाही. अट एवढीच की लाकूड जबाबदारीने राखलेल्या जंगलातलं हवं. बांबू ३ ते ५ वर्षांत बांधकामाजोगा पक्व होतो. मात्र त्यातल्या पिष्टामुळे कीड धावते, म्हणून बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणाची प्रक्रिया केल्याशिवाय वापरू नये, आणि ते द्रावण पावसाने धुऊन जातं म्हणून प्रक्रिया केलेला बांबूही पावसात उघडा ठेवू नये. जागेवरचा दगड खांबांखाली, पायऱ्यांना, चुलीमागच्या भिंतीला उत्तम. मात्र दगड गोळा करण्यासाठी उतार उकरायचा नाही, दगडांखाली राहणाऱ्यांचं घर मोडतं.

थंड प्रदेशात नुसत्या दगडी भिंतींवर विसंबू नका. ग्रॅनाइटमधून उष्णता लाकडाच्या सुमारे वीसपट वेगाने निसटते. लोकर, लाकडाचा तंतू, कागदाचा लगदा किंवा गव्हाचं काड यांचा थर भिंतीत भरा. १० सेंटिमीटर लोकर सुमारे ३० सेंटिमीटर भरीव लाकडाइतकी ऊब राखते. निसर्गात पिसं आणि केस याच तत्त्वावर चालतात: ऊब राखते ती अडकून राहिलेली हवा. म्हणून हा थर दाबून ठासायचा नाही, आणि ओलाही होऊ द्यायचा नाही.

लाकूड कुजणार नाही का?

पाणी कसं हाताळता यावर आहे. कुजवणाऱ्या बुरशीला ओलावा लागतो. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली राहिला तर ती सहसा वाढत नाही. म्हणजे लाकूड कधीच भिजू नये असं नाही, भिजलं तर लवकर वाळलं पाहिजे. महागड्या रंगारोगणापेक्षा खालच्या चार गोष्टी जास्त वर्षं देतात.

छपराला भरपूर वळचण ठेवा, ६० सेंटिमीटर तरी. पागोळ्या भिंतीपासून लांब पडतात. त्या पडतात तिथे खडीची पट्टी करा, नाहीतर उडालेला चिखल भिंतीचा खालचा हात-दीड हात कायम ओला ठेवतो. बाहेरच्या फळ्या थेट भिंतीवर ठोकू नका, मागे दोन-अडीच सेंटिमीटरची पोकळी सोडा आणि ती खाली-वर उघडी ठेवा, तिथून हवा फिरते. झाडाची साल हेच करते, पाणी बाहेरच थोपवते आणि आतलं खोड सांभाळते.

खांबाचं टोक हा सगळ्यात दुबळा भाग. लाकूड आडव्या अंगापेक्षा टोकाकडून कितीतरी जास्त पाणी शोषतं, कारण झाड जिवंत असताना पाणी याच नळ्यांतून वर चढत असतं. म्हणून खांब जमिनीत पुरू नका आणि दगडावर सपाट टेकवूही नका. पोलादी बूट बसवून खांबाखाली दोन-तीन सेंटिमीटर मोकळी जागा ठेवा, आणि बुटात पाणी साचू नये म्हणून भोक असू द्या. जुन्या केबिनी तपासायला जाल तेव्हा पहिल्यांदा इथेच पेचकस टोचून बघा. आत गेला तर खांब गेला.

गवताचं हिरवं छप्पर करावं का?

दिसतं छान, पण वजन जमेला धरा. नॉर्वेतल्या पारंपरिक छपरात बर्चच्या सालीचे अनेक थर आणि त्यांवर सुमारे १५ सेंटिमीटर गवताळ माती असते, आणि हे छप्पर दर चौरस मीटरला सुमारे २५० किलो भरतं. त्या वजनाने खालचे ओंडके घट्ट बसून फटी मिटतात, हा तिथल्या बांधकामाचा फायदाच. बर्फाचं वजन त्यावर आणखी येतं. तेवढं पेलायला जाड तुळया लागतात, म्हणजे जास्त लाकूड. शिवाय अशा छपरावरून प्यायचं पाणी गोळा करता येत नाही, त्यात मातीचा रंग उतरतो. पाण्याची टंचाई असलेल्या जागी मी पत्र्याचं छप्परच सुचवेन.

खिडक्या कुठे आणि केवढ्या?

उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे, दक्षिण गोलार्धात उत्तरेकडे. या बाजूचा सूर्य हिवाळ्यात खाली आणि उन्हाळ्यात डोक्यावर असतो, त्यामुळे नुसत्या वळचणीने ऊन हवं तेव्हा घेता येतं आणि नको तेव्हा अडवता येतं. ३०° अक्षांशावर दुपारी सूर्य उन्हाळ्यात साधारण ८३.५° वर पोचतो, हिवाळ्यात ३६.५° वर. खिडकीच्या वरच्या कडेला लागून ६० सेंटिमीटरची वळचण असेल तर उन्हाळ्यात दुपारी सगळी काच सावलीत जाते, आणि हिवाळ्यात वरच्या सुमारे ४४ सेंटिमीटरवरच सावली पडते. १२० सेंटिमीटर उंच खिडकीतून बाकीचं ऊन आत येतं. तुमच्या अक्षांशाचा हिशेब सोपा आहे: ९० मधून अक्षांश वजा करा, मग उन्हाळ्यासाठी २३.५ मिळवा, हिवाळ्यासाठी वजा करा. विषुववृत्ताच्या जवळ, साधारण २३.५° च्या आत, हा हिशेब बदलतो. तिथे मुख्य प्रश्न पूर्व-पश्चिमेच्या तिरप्या उन्हाचा असतो.

संपूर्ण भिंतभर काच मात्र नको. आतली ऊब तिथून पळते, आणि पक्षी आदळून मरतात. काचेत त्यांना आकाश किंवा झाडी दिसते, काच दिसत नाही. खिडकी मोठी हवीच असेल तर काचेच्या बाहेरच्या बाजूने ५ सेंटिमीटर अंतरावर ठिपक्यांची किंवा रेघांची नक्षी करा. आतून नजर सहज आरपार जाते.

रात्री आत सगळं ओलं का होतं?

माणसांमुळे. झोपलेला माणूस श्वासातून आणि त्वचेतून तासाला ४० ग्रॅमच्या आसपास पाणी सोडतो. आठ जण आठ तास झोपले की अडीच लिटर पाणी हवेत गेलं, ओल्या कपड्यांचं वेगळंच. थंडी वाजते म्हणून लोक झरोके बोळे कोंबून बंद करतात आणि सकाळी छताखालून थेंब गळतात. म्हणून माणसाला पूर्णपणे बंद करता येणार नाहीत असे झरोके ठेवावेत, फक्त त्यांचा झोत झोपणाऱ्याच्या अंगावर येऊ देऊ नये.

याच माणसांची एक चांगली बाजू आहे. झोपलेला प्रत्येक जण ७० वॉटच्या आसपास उष्णता देतो. आठ जणांची मिळून अर्ध्या किलोवॉटहून जास्त होते. केबिन आटोपशीर आणि नीट भरावाची असेल तर सौम्य थंडीत वेगळ्या शेगडीची गरजच पडत नाही.

मग शेगडी ठेवायची की नाही?

जिथे थंडी जिवावर बेतू शकते तिथे ठेवायचीच. बंद दाराची, धुराडं असलेली आणि ज्वलनासाठी बाहेरून नळीने हवा घेणारी. उघडी चूल आत कधीही नको, जळणातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो आणि झोपेत कळतही नाही. इशारा देणारं यंत्र बसवा. सरपण मात्र आसपासच्या रानातून तोडायची मुभा देऊ नका, पडलेलं लाकूडसुद्धा नको. कुजणाऱ्या ओंडक्यांवर कीटक, बुरशी, पक्षी यांचं सगळं गणित उभं असतं, आणि केबिनभोवतीची जमीन बघता बघता झाडून काढल्यासारखी ओकीबोकी होते.

वीज किती लागेल?

दिवे, फोन चार्जिंग आणि एखादा आणीबाणीचा रेडिओ यांपलीकडे काही ठेवलं नाही तर एक-दोन सौर पॅनेल पुरतात. पॅनेलचा कल साधारण तिथल्या अक्षांशाइतका ठेवा, बर्फाळ जागी जास्त उभा, म्हणजे बर्फ घसरून जातं. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज केली की खराब होते, म्हणून ती बाहेरच्या पेटीत ठेवू नका.

दिवे पिवळसर, मंद, खाली तोंड केलेले. बाहेरचा दिवा माणूस आल्यावरच लागावा. पांढऱ्या झगझगीत दिव्याभोवती रात्रभर घिरट्या घालणारे पतंग तिथेच दमून मरतात.

मोठ्या प्रमाणावर काय साधता येतं हे बघायचं असेल तर स्वित्झर्लंडमधला मोंते रोझा निवारा अभ्यासा. २,८८३ मीटर उंचीवरचा हा निवारा २००९ साली सुरू झाला. लागणाऱ्या ऊर्जेपैकी ९० टक्के तिथेच मिळवायची असं लक्ष्य ठेवून तो आखला गेला. भिंतीला वळसा घालत वर जाणारी काचेची पट्टी जिन्यात ऊन घेते आणि ती ऊब हवेबरोबर पुढे खोल्यांत जाते.

पाणी कुठून आणायचं?

आधी छपरावरून. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर. ३० चौरस मीटरच्या छपरावर १० मिलिमीटर सर पडली की ३०० लिटर, त्यातलं उडून-सांडून जाणारं वगळता २४० च्या आसपास हाती येतं. पहिल्या पावसाचं पाणी छपरावरची धूळ आणि विष्ठा घेऊन येतं, ते आपोआप बाजूला काढणारी नळी बसवा. टाकी झाकलेली, प्रकाश न शिरणारी हवी, नाहीतर शेवाळ आणि डास. प्यायच्या आधी गाळून उकळा किंवा अतिनील दिव्याखालून जाऊ द्या. गढूळ पाण्यावर अतिनील किरण नीट काम करत नाहीत, म्हणून गाळणं आधी.

नामिब वाळवंटातले काही भुंगे पाठ वर करून धुक्यातलं पाणी मिळवतात, त्यावरून केबिनला धुक्याची जाळी लावायची कल्पना बरेच जण मांडतात. खऱ्या धुक्याच्या, वाऱ्याच्या जागी जाळीच्या दर चौरस मीटरमागे दिवसाला काही लिटर मिळतात. बाकी ठिकाणी खांब आणि जाळी फुकट जाते. कायमची उभी करण्याआधी एक लहान जाळी लावून मोजून बघा.

संडासाचं काय करायचं?

पर्यावरणाच्या दृष्टीने अख्ख्या केबिनमधला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच, आणि आराखड्यात त्याला सगळ्यात शेवटी जागा मिळते.

डोंगरात शोषखड्डा बहुधा चालत नाही. माती पातळ असते, खाली कातळ, आणि फटींतून गेलेलं पाणी खालच्या झऱ्यात निघतं. खत बनवणारा कोरडा संडास हा चांगला मार्ग आहे, पण तो सजीव आहे आणि त्याच्या अटी आहेत. लघवी वेगळी काढणारं भांडं बसवा. मलमूत्रातला बहुतांश नायट्रोजन लघवीत असतो. ती मिसळली की ढीग ओलागच्च होतो, हवा संपते आणि कुजका वास सुटतो. वेगळी ठेवली तर वास जवळपास राहत नाही आणि डबा भरायलाही वेळ लागतो. वर प्रत्येक वेळी मूठभर लाकडाचा भुसा किंवा कोरडा पाला टाकायचा. कार्बन आणि नायट्रोजनचं प्रमाण २५ ते ३० ला १ असं राहिलं की सूक्ष्मजीव जोमाने काम करतात. जंगलाच्या जमिनीवर पाचोळा पडतो आणि त्याची माती होते, तीच ही प्रक्रिया.

थंडीत हे काम मंदावतं, १० अंशांखाली जवळपास थांबतं. म्हणून टाकी उन्हाच्या बाजूला, काळ्या झाकणाखाली ठेवतात आणि दोन टाक्या आळीपाळीने वापरतात. एक भरली की ती वर्षभर किंवा त्याहून जास्त बंद. ढीग ५५ अंशांवर काही दिवस टिकला तर रोगजंतू मरतात, पण डोंगरातल्या लहान ढिगाला तेवढी ऊब क्वचितच येते, तेव्हा भरवसा वेळेवर ठेवा आणि ते खत भाजीला कधीच घालू नका. फार उंचावर आणि बर्फात सगळं डब्यात भरून खाली नेणं हाच प्रामाणिक मार्ग.

उंदीर आणि इतर प्राणी आत येऊ नयेत म्हणून काय करावं?

उंदराला ६ मिलिमीटरची फटसुद्धा पुरते. सगळे झरोके आणि भिंतीमागच्या पोकळीची तोंडं त्याहून बारीक स्टीलच्या जाळीने बंद करा. अन्न पत्र्याच्या पेटीत, उरलंसुरलं प्रत्येकाने परत न्यायचं. विष ठेवू नका, विष खाल्लेले उंदीर खाऊन घुबडं मरतात. वटवाघळांसाठी बाहेर वळचणीखाली एक अरुंद खोबण सोडली तर ती बिनबोभाट राहतात.

वणव्याच्या प्रदेशात लाकडी केबिन धोक्याची नाही का?

धोका असतो, पण बहुतेक घरं ज्वाळांच्या भिंतीने पेटत नाहीत, वाऱ्याने उडत आलेल्या निखाऱ्यांनी पेटतात. निखारे पाचोळ्यात, झरोक्यांत, पडवीखाली शिरतात. म्हणून छप्पर न पेटणारं, झरोक्यांना ३ मिलिमीटरची धातूची जाळी, आणि भिंतीपासून दीड मीटरपर्यंत गवत, सरपण, पाला काहीही नको. तिथे खडी टाका. पागोळ्यांसाठी केलेली पट्टी याही कामी येते, फक्त ती रुंद करा.

साहित्य वर कसं पोचवायचं?

हा प्रश्न आराखड्याच्या पहिल्या दिवशी विचारा. एका माणसाला पाठीवर नेता येईल असे, २० ते २५ किलोंचे आणि अडीच मीटरपेक्षा कमी लांबीचे सुटे भाग करता आले तर हेलिकॉप्टर लागत नाही आणि नवा रस्ताही काढावा लागत नाही. रस्ता एकदा झाला की केबिनपेक्षा मोठं नुकसान तोच करतो. सगळी कापाकापी खाली कारखान्यात करा, केबिन तिथे एकदा पूर्ण जोडून बघा, प्रत्येक भागावर क्रमांक घाला, मग सोडून वर न्या. जागेवर भुसा, तुकडे, सिमेंटचं पाणी असं काही पडत नाही. जोड खिळे-गोंदाने न करता बोल्ट आणि स्क्रूने केले तर कुजलेला एक खांब बदलायला अर्धी केबिन मोडावी लागत नाही.

केबिन झाली की गर्दी वाढेल, मग निसर्गाचं भलं कसं?

गर्दी वाढणार, हे खरं आहे. आठ जणांची केबिन बांधली की वीस जण येतात आणि उरलेले बारा बाहेर तंबू ठोकतात. त्यामुळे केबिनचा आराखडा करताना तिच्याभोवतीच्या दोनशे मीटरचा आराखडाही करावा लागतो: पायवाट कुठून, पाण्याकडे जायची एकच वाट कोणती, तंबूंना कठीण जमीन कुठे. जागा आधी नोंदवूनच यायचं, ही शिस्त असल्याशिवाय मी कुणालाही केबिन सुचवत नाही.

उलट बाजूही आहे. जिथे माणसं आधीपासूनच जाताहेत आणि जागोजागी चुली, कचरा, उघड्यावरची घाण पसरते आहे, तिथे एक नीट चालवलेली केबिन तो भार एका ठिकाणी आणते. न्यूझीलंडमध्ये सरकारचा संवर्धन विभाग ९०० हून जास्त निवारे सांभाळतो, नॉर्वेत १८६८ पासून चालत आलेल्या पर्यटन संघाच्या केबिनींचं जाळं आहे आणि त्यांतल्या अनेकांत राखणदारही नसतो. लोक स्वतः झाडतात, नोंद करतात, पैसे भरतात. एकही माणूस न जाणाऱ्या रानात मात्र पहिली केबिन बांधू नका.

परवानगी लागते का?

लागते, जमीन तुमची असली तरी. जंगल, पाणलोट, संरक्षित क्षेत्र, उंचीची मर्यादा यांचे नियम जागेप्रमाणे बदलतात, तेव्हा आराखड्याआधी चौकशी करा. आणि त्या रानात पिढ्यान्‌पिढ्या वावरणाऱ्या लोकांना कागदांच्याही आधी भेटा. झरा कोणत्या महिन्यात आटतो आणि दरड कुठून येते हे त्यांना ठाऊक असतं.

देखभालीला किती काम पडतं?

वर्षातून दोनदा, पावसाच्या किंवा बर्फाच्या आधी आणि नंतर, दोन माणसांचे एक-दोन दिवस धरा. पन्हाळीतला पाला काढणं, पहिल्या पावसाची नळी साफ करणं, खांबांची टोकं टोचून बघणं, सैल झालेले बोल्ट आवळणं (लाकूड वाळून आक्रसलं की पहिल्या वर्षी ते हमखास सैल होतात), धुराडं घासणं, झरोक्यांच्या जाळ्या तपासणं, संडासाची टाकी बदलणं. आराखडा, भागांचे क्रमांक आणि भिंती झाकण्याआधी काढलेले फोटो यांची एक प्रत केबिनमध्येच पत्र्याच्या डब्यात ठेवा, म्हणजे दहा वर्षांनी दुरुस्तीला येणाऱ्याला फळी न उचकटता कळेल की तिच्यामागे काय आहे.